पहिली टाइम ट्रायल: आपल्या मिनिटापासून मागे मोजत

क्लबच्या टाइम ट्रायलला पहिल्यांदा नाव दिलं की लोक सायकलीबद्दल विचारू लागतात. साधी रोड बाइक चालेल का, चाकं बदलावी लागतील का, ते पुढे गोल आणि मागे लांब निमुळतं होत गेलेलं हेल्मेट हवंच का. मी ज्या रविवारी स्वतः शर्यतीत नसतो, त्या रविवारी स्टार्टला उभा राहून इतरांच्या सायकली धरतो. तिथे उभं राहून एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. नवख्याचा दिवस सायकलीमुळे सहसा बिघडत नाही. तो बिघडतो स्टार्टच्या आधीच्या अर्ध्या तासात, नाहीतर सुटल्यानंतरच्या पहिल्या तीन मिनिटांत, आणि दोन्हीकडे कारण एकच असतं: घाई. म्हणून या लेखात सायकलीपेक्षा घड्याळाबद्दल जास्त लिहिलं आहे.

शर्यत नेमकी काय असते

टाइम ट्रायलमध्ये सगळे एकत्र सुटत नाहीत. एकेक जण ठरावीक अंतराने सुटतो. क्लबच्या शर्यतीत हे अंतर बहुधा एक मिनिटाचं असतं, कधी तीस सेकंदांचं. प्रत्येकाने तेच अंतर एकट्याने कापायचं आणि लागलेला वेळ नोंदवला जातो. दुसऱ्याच्या मागे लागून, त्याच्या आडोशाने चालवायला सक्त मनाई असते. सायकलिंगच्या भाषेत याला ड्राफ्टिंग म्हणतात.

या पद्धतीचा उगम ब्रिटनमधला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे रस्त्यावर घोळक्याने होणाऱ्या शर्यतींना पोलिसांचा विरोध वाढला आणि तिथल्या सायकल संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतीच बंद केल्या. त्यावर फ्रेडरिक बिडलेक यांनी १८९५ साली स्वारांना एकेकटं सोडून फक्त वेळ मोजायची शर्यत भरवली. रस्त्याने एकटा माणूस सायकलवर जातोय, याला कोण हरकत घेणार? आजही क्लबची टाइम ट्रायल इतकी साधी वाटते त्याचं कारण हेच. ना गर्दी, ना धक्काबुक्की, ना कुणाच्या चाकाला चाक लागायची भीती. घोळक्यात चालवायचा अनुभव नसलेल्या माणसासाठी शर्यतीचा यापेक्षा चांगला पहिला धडा मला माहीत नाही.

अंतरं निरनिराळी असतात. ब्रिटिश परंपरेत १० मैल (सुमारे १६ किलोमीटर) आणि २५ मैल (सुमारे ४० किलोमीटर) ही नेहमीची. मेट्रिक मोजणाऱ्या क्लबांत १०, २० किंवा ४० किलोमीटर. पहिल्यांदा येत असाल तर २० किलोमीटरपर्यंतची शर्यत निवडा. चाळीस किलोमीटरमध्ये सुरुवातीच्या चुकीची शिक्षा फार लांबते.

आठवडाभर आधी

मार्गावर एकदा जाऊन या, शर्यतीच्या वेगाने नव्हे, नुसतं बघायला. रस्ता कुठे खडबडीत आहे, यू-टर्न कुठे आहे आणि तिथे वळायला रुंदी किती आहे, कुठल्या वळणावर वाळू साठते, वारा साधारण कुठून लागतो. पाच-सहा खुणा मनात ठेवा: पूल, मोठं झाड, अंतराचा दगड. अर्धं अंतर झालं, शेवटचे दोन किलोमीटर उरले, हे स्क्रीनवर बघण्यापेक्षा रस्त्यावरच्या खुणेवरून कळलं तर डोळे समोर राहतात.

सायकलीची तपासणी दोन दिवस आधी उरका, आदल्या रात्री नको. चेन पुसून तेल, ब्रेक पॅडची झीज, टायरमध्ये रुतलेले काच-खड्यांचे तुकडे, क्लीटचे (बुटाच्या तळाला बसवलेल्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या तुकड्यांचे) स्क्रू, हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) आणि हँडलच्या स्टेमचे (हँडल धरून ठेवणाऱ्या आडव्या भागाचे) बोल्ट. गिअर बॅटरीवर चालणारे असतील तर चार्जिंग. काही बिघडलेलं निघालं तर दुरुस्त करून एक फेरी मारायला वेळ हातात राहतो.

नवीन काहीही नको. सीटची उंची, बूट, हँडल, खाणं, सगळं रोजच्या सवयीचं. एरोबार, म्हणजे कोपर टेकवून हात पुढे लांबवता यावेत म्हणून हँडलला जोडलेले दांडे, हा मोह मोठा असतो. हाताचे कोपर जवळ घेऊन पुढे झुकल्याने हवेचा अडथळा खरोखर कमी होतो. पण एरोबारवर असताना हात ब्रेकवर नसतात आणि सायकल वळवण्याची पद्धतच बदलते. निदान महिनाभर त्यावर सराव झाला नसेल तर पहिल्या शर्यतीला ते लावू नका. हँडलच्या खालच्या वळणात हात, कोपर वाकवलेले, खांदे आत आणि पाठ शक्य तितकी सपाट, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

किती फरक, ते समजून घेण्यासारखं आहे. सपाट रस्त्यावर वेग वाढत जातो तसा तुमचा बहुतेक सगळा जोर हवा बाजूला सारण्यातच जातो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने. म्हणजे वेग १० टक्के वाढवायचा तर हवेपुरती ताकद सुमारे ३३ टक्के जास्त लागते. शिवाय हवेला अडवण्यात सायकलीचा वाटा थोडा, चालवणाऱ्याच्या शरीराचा खूप मोठा. १९८९च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस अशी २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल होती. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड एकूण वेळेत ५० सेकंदांनी मागे होता. एरोबार आणि एरो हेल्मेट लावून तो उतरला. पुढे असलेला लॉराँ फिन्याँ साध्या हँडलवर आणि उघड्या डोक्याने. लेमाँडने त्या तुकड्यात ५८ सेकंद मिळवले आणि तीन आठवड्यांची शर्यत ८ सेकंदांनी जिंकली. सगळं श्रेय हँडलला देता येत नाही, लेमाँड त्या दिवशी विलक्षण ताकदीने चालवत होता. पण त्यानंतर शरीराच्या ठेवणीकडे दुर्लक्ष करायचं धाडस कुणी केलं नाही. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच: घट्ट बसणारी जर्सी घाला, फडफडणारं जॅकेट गाडीत ठेवा, आणि महागड्या चाकांचा विचार पुढच्या वर्षावर ढकला.

शर्यतीची सकाळ, उलटी मोजून

स्टार्ट लिस्टमध्ये तुमच्या नावापुढे नंबर आणि वेळ असते. बऱ्याच क्लबांत हे दोन्ही जोडलेले असतात. पहिला स्वार ७ वाजून १ मिनिटाने सुटणार असेल तर २३ नंबरचा ७ वाजून २३ मिनिटांनी. हे मिनिट तुमचं. ते कुणासाठी थांबत नाही आणि तुम्हाला उशीर झाला तर भरून मिळत नाही, कारण तुमचं घड्याळ त्या मिनिटाला सुरू होतं, तुम्ही रेषेवर असा वा नसा.

मी हे पहिल्याच शर्यतीत शिकलो. पाठीवर नंबर लावायला पिना मिळेनात. शोधण्यात वेळ गेला, धावतपळत रेषेवर पोहोचलो तेव्हा माझं मिनिट होऊन चाळीस सेकंद उलटले होते. ते चाळीस सेकंद निकालात तसेच राहिले. पण खरं नुकसान त्या सेकंदांचं नव्हतंच. उशीर भरून काढायच्या नादात मी पहिल्या दोन किलोमीटरमध्ये सगळी ताकद उधळली आणि उरलेली शर्यत कशीबशी पूर्ण केली.

म्हणून त्या मिनिटापासून मागे मोजत या. ७:२३ ला सुटायचं तर ७:१८ ला रेषेजवळ. म्हणजे ७:१२ च्या आसपास वॉर्मअप संपलेला. म्हणजे पावणेसातला वॉर्मअप सुरू. त्याआधी सही करून नंबर घेणं, तो लावून घेणं, टायरमध्ये हवा भरणं, स्वच्छतागृहाची रांग. म्हणजे सहाला तुम्ही मैदानात हवेत. खाणं त्याच्याही आधी, शर्यतीच्या अडीच-तीन तास अगोदर, रोजचं आणि हलकं. आणि पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे टाइमकीपरच्या घड्याळाशी स्वतःचं घड्याळ जुळवणं. फोनमधली वेळ आणि त्याची वेळ यांत काही सेकंदांचाही फरक असला तर त्याचीच वेळ खरी.

पिना स्वतःच्या न्या, किमान सहा. नंबर कमरेच्या जरा वर, पाठीच्या खालच्या भागात लावायचा. तो आपला आपण लावू नका. जर्सी घालून, सायकलवर बसल्यासारखं पुढे वाकून उभे राहा आणि दुसऱ्याला लावायला सांगा. उभ्याने लावलेला नंबर वाकल्यावर शिडासारखा फुगतो आणि सगळ्या वाटेभर फडफडत राहतो. शिवाय तो फिनिशला वाचता आला नाही तर तुमची वेळ नोंदवणाऱ्याची पंचाईत होते. नंबरला घड्या घालू नका, कापू नका.

टायरच्या बाजूला छापलेला आकडा ही वरची मर्यादा असते, तिथपर्यंत हवा भरायची सक्ती नसते. खडबडीत रस्त्यावर दगडासारखा टणक टायर उड्या मारतो आणि वेग उलट कमी होतो. रस्ता ओला असेल तर आणखी थोडी हवा कमी करा.

वॉर्मअप वगळणारे नवखे म्हणतात, ताकद राखून ठेवतो. छोट्या शर्यतीत हे नेमकं उलटं आहे. अंतर जितकं कमी तितका वॉर्मअप महत्त्वाचा, कारण शर्यतीत अंग तापायला वेळच नसतो. दहा मिनिटं अगदी सैल. मग पाचेक मिनिटांत जोर हळूहळू शर्यतीच्या जवळ नेत जा. त्यानंतर एकेक मिनिटाचे दोन-तीन जोरदार तुकडे, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. शेवटी पाच मिनिटं पुन्हा सैल. घाम फुटलेला, श्वास शांत, अशा अवस्थेत रेषेवर या. वॉर्मअप शर्यतीच्या मार्गावर करू नका. सुटलेल्या स्वारांच्या वाटेत येणं हा बहुतेक क्लबांत नियमभंगच असतो.

रेषेवर

तुमच्या पुढे दोन-तीन जण उभे असतील. तेवढ्यात गिअर बघून घ्या. अगदी जड गिअरमध्ये सुटू नका. सायकल एका जागी रुतल्यासारखी होते आणि गुडघ्यांवर ताण येतो. साधारण मधला गिअर, जो उभ्याने दहा-बारा पेडल मारले की फिरायला लागेल.

नंतर माझ्यासारखा कुणीतरी मागून तुमची सीट धरतो. दोन्ही पाय पेडलमध्ये अडकवून, ब्रेक दाबून, तुम्ही निवांत बसायचं. सायकल सरळ ठेवणं हे आमचं काम. तुम्ही तोल सांभाळायला गेलात की उलट सायकल डोलते. नवख्यांचे खांदे कानापर्यंत गेलेले मला मागून दिसतात. एक मोठा श्वास सोडा, खांदे खाली येतात. पुढचा पाय घड्याळातल्या दोनच्या आकड्यावर असेल इतका वर आणा. टाइमकीपर तीस सेकंद सांगतो, मग दहा, मग पाचपासून खाली मोजतो. पाच म्हणताच ब्रेक सोडा. शून्याला आम्ही हात सोडतो, ढकलत नाही, ढकलायला परवानगी नसते. कुणी धरलेलं आवडत नसेल तर तसं सांगा आणि एक पाय जमिनीवर टेकून सुटा. यात कमीपणा काही नाही. एक-दोन सेकंद जातील, पण पडण्याची भीती मनातून जाईल.

पहिली तीन मिनिटं

लेखातला हा भाग दोनदा वाचा.

सुटल्यावर पाय ताजे असतात, लोक बघत असतात, अंगात उत्साह असतो. अशा वेळी तुमचा खरा टिकाऊ जोर तुम्हाला फार सोपा वाटतो. हार्टरेटही फसवतो. हृदयाचे ठोके श्रमाच्या मागून वाढतात, त्यांना पोहोचायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. स्क्रीनवरचा आकडा कमी दिसतो म्हणून माणूस आणखी दाबतो. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला हिशेब समोर येतो: मांड्या जळू लागतात, श्वास तुटतो आणि वेग पडतो. तो परत वर येत नाही.

उपाय एकच. पहिली तीन मिनिटं मुद्दाम राखून चालवा, इतकी की मनाला ते चुकीचं वाटेल. पॉवरमीटर (पेडलवर लावलेला जोर मोजणारं यंत्र) असेल तर या काळात ठरवलेल्या आकड्याच्या वर जाऊ नका. नसेल तर श्वासावर लक्ष ठेवा. पहिल्या एक-तृतीयांश भागात तीन-चार शब्दांचं वाक्य बोलता यायला हवं. मधल्या भागात एक-दोन शब्द. शेवटच्या भागात बोलणं सुचायलाच नको.

मधल्या भागात स्वतःला विचारायचा प्रश्न ख्रिस बोर्डमनच्या नावाने सांगितला जातो. हा ब्रिटिश सायकलपटू १९९४ साली टाइम ट्रायलचा पहिला जगज्जेता ठरला. प्रश्न असा: उरलेलं अंतर बघता हा जोर टिकेल का? उत्तर ठाम हो असेल तर तुम्ही पुरेसा जोर लावत नाही. ठाम नाही असेल तर उशीर झाला आहे. ‘कदाचित’ असं उत्तर आलं की जोर बरोबर आहे. मला आजवर याहून चांगलं मोजमाप सापडलेलं नाही.

वारा, आणि एक छोटा हिशेब

जाऊन-येऊन असलेल्या मार्गावर एका दिशेने वारा समोरून लागणार. बहुतेक जण समोरच्या वाऱ्यात हिरमुसतात आणि पाठीमागून वारा आला की जोशात येतात. घड्याळाला यातलं काही पटत नाही. समजा, १० किलोमीटर जाताना तुमचा वेग ताशी २५ आहे, म्हणजे २४ मिनिटं. येताना वेग ताशी ४०, म्हणजे १५ मिनिटं. आता जाताना वेग ताशी फक्त एक किलोमीटरने वाढवून २६ केला तर ५५ सेकंद वाचतात. येताना तोच एक किलोमीटर वाढवून ४१ केला तर जेमतेम २२ सेकंद. सायकल जिथे सावकाश चालते तिथे आपण जास्त वेळ असतो, म्हणून थोडा जास्त जोर तिथेच कामी येतो. वाऱ्याच्या तोंडी आणि चढावर आपल्या सरासरी जोरापेक्षा किंचित वर राहा, पाठवाऱ्यात आणि उतारावर किंचित खाली. किंचित हा शब्द महत्त्वाचा आहे.

वाऱ्यात गिअर हलका करायला लाजू नका. मिनिटाला ८५ ते ९५ फेऱ्यांच्या आसपास पाय फिरत राहिले तर मांड्या शेवटपर्यंत साथ देतात.

वळण, मागून येणारे, आणि समोरचा रस्ता

यू-टर्नच्या शंभरेक मीटर आधी सरळ बसा, मागे बघा, हलका गिअर घ्या, ब्रेक वळण्याआधी पूर्ण करा. तिथला मार्शल दिशा दाखवायला असतो, वाहतूक थांबवायला नव्हे. रस्ता मोकळा आहे का हे तुम्हीच बघायचं. तिथे दोन सेकंद गेले तर जाऊ द्या.

तुमच्या मागून सुटलेला कुणी तुम्हाला गाठणं अगदी साहजिक आहे. आपल्या बाजूने सरळ चालवत राहा, त्याला जाऊ द्या आणि मग मागे पडा. आंतरराष्ट्रीय नियमात ओलांडणाऱ्याने बाजूला किमान २ मीटर अंतर ठेवायचं आणि एका किलोमीटरनंतर ओलांडलेल्या स्वाराने किमान २५ मीटर मागे असायचं असं आहे. क्लबचा नियम वेगळा असू शकतो, सही करताना विचारून घ्या. त्याच्या मागे लागून चालवलंत तर तुमची वेळ बाद होऊ शकते. तुम्ही कुणाला गाठलंत तर आधी मागे बघा, मग रुंद अंतर ठेवून पुढे जा.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. दमलेला माणूस डोकं खाली घालतो. टाइम ट्रायलमध्ये मला खड्ड्यांपेक्षा, वाऱ्यापेक्षा याची भीती जास्त वाटते. ताशी ३६ च्या वेगाने तुम्ही सेकंदाला १० मीटर जाता. तीन सेकंद पुढच्या चाकाकडे बघितलं की ३० मीटर रस्ता न बघता पार झाला, आणि त्या ३० मीटरमध्ये एखादं वाहन उभं असू शकतं. रस्ता वाहतुकीला बंद नसेल तर सगळे वाहतूक नियम तुम्हाला लागू आहेत, सिग्नलसुद्धा. मान दुखली तरी डोळे वर ठेवा. मान दुखून डोळे वर राहत नसतील तर ठेवण बदला, थोडे उंच बसा.

फिनिश आणि नंतर

शेवटचा किलोमीटर आला की हिशेब संपला, उरलंय ते सगळं लावा. पण रेषेवर पोहोचताना सरळ चालवा आणि आपला नंबर मोठ्याने ओरडा, विशेषतः आपोआप वेळ नोंदवणारी चिप नसून हाताने वेळ घेत असतील तर. रेषेवर थांबू नका, यू-टर्न घेऊन टाइमकीपरकडे वेळ विचारायला जाऊ नका. त्याच्या डोळ्यांसमोर पुढचा स्वार येत असतो. पुढे जाऊन वेग उतरू द्या, दहा मिनिटं हलकं चालवा, मग नोंदणीच्या टेबलावर नंबर परत करा. सायकल बिघडून अर्ध्यातून परतलात तरी तिथे सांगून जा, नाहीतर लोक तुम्हाला शोधत रस्त्यावर फिरत बसतात.

निकालाच्या तक्त्यात वरची नावं बघायचा मोह होईल, बघा. पण त्याच संध्याकाळी चार गोष्टी लिहून ठेवा: एकूण वेळ, यू-टर्नला किती वेळ झाला होता, वारा कुठून होता, टायरमध्ये हवा किती होती. पुढच्या वेळी याच मार्गावर तुलना करताना नुसती एकूण वेळ फसवते, कारण वारा बदलला की सारं बदलतं. जाताना आणि येताना लागलेली वेळ वेगवेगळी हातात असेल तर सुरुवातीला घाई झाली होती का, ते तुम्हाला स्वतःलाच दिसेल.

आणि तुमच्यासाठी यू-टर्नला कुणीतरी दीड तास उभं होतं, कुणीतरी पहाटे अंधारात दिशादर्शक पाट्या लावल्या होत्या. तीन-चार शर्यतींनंतर एखाद्या रविवारी स्वयंसेवकांच्या यादीत नाव घाला. स्टार्टला माणूस कायम कमी असतो. सीट कशी धरायची ते दहा मिनिटांत शिकवता येतं, आणि पहिल्यांदा आलेल्या कुणाला तरी खांदे सैल सोडायला सांगणारं माणूस तिथे हवंच असतं.